आवाज बंद करण्याचा हक्क कुणाचा?

संगणक सुरू केला की तो एक छोटासा सूर काढतो. दोन-चार सेकंदांचा. तो सूर राहू द्यावा की कायमचा बंद करावा, हा काय विचार करण्याजोगा प्रश्न झाला, असे कुणीही म्हणेल. बेकारी, मुलींचे शिक्षण, रोजची असुरक्षितता हे सगळे सोडून आम्ही यंत्राच्या आवाजावर लिहायला बसलो, याचे काही वाचकांना नवलही वाटेल. पण माणसाची नीती मोठ्या प्रसंगांत दिसते तितकीच अशा बारीकसारीक गोष्टींतही दिसते, असे आमचे मत आहे. जिथे कुणी दंड करत नाही, कुणी जाब विचारत नाही, तिथे आपण दुसऱ्याचा विचार किती करतो? आणि आपला स्वतःचा मान किती राखतो? हे दोन्ही प्रश्न त्या दोन-चार सेकंदांत दडलेले आहेत.

हा आवाज आला कुठून, ते आधी पाहू. अगदी सुरुवातीच्या संगणकांत सूर नव्हता, नुसता 'बीप' होता. यंत्र सुरू होताना स्वतःची तपासणी करते. सगळे ठीक असेल तर बहुतेक संगणक एक छोटा बीप देत, आणि मेमरी नीट बसलेली नसेल किंवा पडद्याचे कार्ड बिघडले असेल तर वेगवेगळ्या संख्येने बीप देत. पडदाच चालू होत नसेल तर यंत्राने आपले दुखणे सांगायचे कसे? आवाजाने. म्हणजे मुळात हा आवाज एक साक्ष होती. दुरुस्ती करणारा कारागीर ती कान देऊन ऐकत असे.

पुढे तिच्यात माणसाच्या मनाचा विचार आला. ॲपल कंपनीच्या मॅकिन्टॉशचा सुरुवातीचा सूर कानाला टोचणारा होता. यंत्र अडकले, बंद करून पुन्हा सुरू केले की तोच ऐकू यायचा, म्हणून लोकांच्या मनात तो बिघाडाशी जोडला गेला. जिम रीक्स या तिथल्या ध्वनितंत्रज्ञाने १९९१ च्या सुमारास त्याऐवजी एक भरदार, शांत करणारा स्वरमेळ बसवला. वैतागलेल्या माणसाला धीर यावा, हा त्याचा हेतू. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ साठी ब्रायन ईनो या नामवंत ब्रिटिश संगीतकाराला गाठले आणि सव्वातीन सेकंदांचा तुकडा मागितला. ईनो यांनी त्यासाठी ८४ छोटे तुकडे रचले. इथे साक्ष आणि दिलासा यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आली, ती म्हणजे कंपनीची ओळख. जगात कुठेही तो सूर वाजला की हे यंत्र कुणाचे, हे डोळे मिटूनही कळावे.

साक्ष, दिलासा आणि ओळख अशी या आवाजाची तीन कामे झाली. यांतले कोणते काम कुणासाठी आहे, हे वेगळे करून पाहिले तरच तो बंद करावा की नाही, याचे उत्तर सापडेल.

आता हा सूर शहरातल्या एकट्याच्या खोलीतून उचलून पेठला आणू. पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातला लागून असलेला आदिवासी तालुका. नाशिकहून सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून तिथे जायचे. कोकणा, महादेव कोळी, वारली यांची मुख्य वस्ती. मुसलमानांची घरे थोडी, पण नाते जुने. एके काळी पेठ हे छोटे संस्थान होते, तिथल्या राजघराण्याने इस्लाम स्वीकारलेला होता, आणि १८७८ साली बेगमच्या निधनानंतर तो मुलूख पुरता इंग्रजी अंमलाखाली गेला. पावसाळ्यात कौलांवर, पत्र्यांवर कोसळणारा पाऊस, मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातली पावरी, एस. टी.चा भोंगा, देवळातली घंटा आणि मशिदीतली अजान हे सगळे आवाज त्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र ऐकले आहेत.

अशा गावात संगणक आला तो घरात नाही, सामाईक जागेत आला. एमएस-सीआयटीच्या वर्गात, तहसील कचेरीत, सेतू केंद्रात, शाळेच्या कुलूपबंद खोलीत. त्या वर्षांत भारनियमन दिवसातले कित्येक तास असे. वीज आली की खोलीतली यंत्रे एकामागून एक सुरू होत आणि तो सूर बाहेरच्या ओट्यावर बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचे. सकाळपासून सातबाऱ्यासाठी, जातीच्या दाखल्यासाठी ताटकळलेला शेतकरी त्या आवाजाने उठून उभा राहत असे. ब्रायन ईनोचे नाव त्याने ऐकलेले नव्हते. त्याच्या लेखी त्या सुराचा अर्थ एकच होता: वीज आली, आता आपला नंबर लागेल. ज्या लिपिकाला तो आवाज दिवसातून दहा वेळा ऐकून नकोसा झाला होता, त्याने तो बंद केला असता तर त्याची सोय झाली असती आणि ओट्यावरच्या माणसाची खबर गेली असती.

दुसरे उदाहरण दृष्टिहीन माणसाचे. पडदा उजळला की नाही हे ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी यंत्राचा सूर हाच उंबरठा असतो. स्वतः अंध असलेल्या मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाची, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी मोफत प्रणाली सुरू केली. ती सुरू होताना चढता आणि बंद होताना उतरता सूर देते. डोळस माणसाला ही करामत वाटेल, पण अंध विद्यार्थ्याला या दोन सुरांतून कळते की आता यंत्र आपल्याशी बोलेल की नाही. सामाईक यंत्रावर बसलेल्या कुणी 'कटकट नको' म्हणून ते बंद केले, तर पुढच्या माणसासाठी यंत्र मुके झाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. शांतता ही नेहमीच चांगली आणि आवाज हा नेहमीच वाईट, असे नाही. ज्या आवाजाची कुणीतरी वाट पाहत आहे, ती हाक असते. ज्याची कुणीच वाट पाहत नाही, तो गोंगाट. आवाज तोच, पण ऐकणारा बदलला की हाकेचा गोंगाट होतो आणि गोंगाटाची हाक. म्हणून आवाज राहू द्यावा की नाही, हे ठरवताना पहिला प्रश्न 'मला आवडतो का' हा नसून 'हा कुणासाठी आहे, आणि कुणाच्या कानावर विनाकारण पडतो आहे' हा असला पाहिजे.

कानाची एक अडचण आहे. डोळ्याला पापणी दिली आहे, कानाला नाही. नको ते दृश्य दिसले तर आपण तोंड फिरवतो. नको असलेला आवाज मात्र भिंतीतूनही येतो. झोपेतही कान जागा असतो. म्हणूनच ऐकणाऱ्याची बाजू मुळातच दुबळी आहे, आणि जिथे एक बाजू दुबळी असते तिथे दुसऱ्या बाजूची जबाबदारी वाढते. आपल्या कायद्याने हे तत्त्व मान्य केले आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. त्यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क येत नाही. आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न चिकाटीने लावून धरणाऱ्यांत मुंबईच्या सुमैरा अब्दुलअली यांचे नाव आघाडीवर आहे. २००३ पासून त्यांनी न्यायालयात दाद मागितली, पुढे २००६ साली 'आवाज फाउंडेशन' उभे केले, आणि सण कोणाचाही असो, हातात डेसिबल मोजण्याचे यंत्र घेऊन त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या.

आमच्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. हजरत मुहम्मद (स.) मशिदीत एतिकाफला बसलेले असताना काही लोक मोठ्याने कुरआन पठण करत होते. तेव्हा पडदा बाजूला करून त्यांनी समजावले की तुम्ही सगळेच आपल्या पालनकर्त्याशी बोलत आहात, तर पठणात आवाज चढवून एकमेकांना त्रास देऊ नका, ही हकिकत हदीसमध्ये आली आहे. ज्या आवाजापेक्षा पवित्र आवाज आमच्यासाठी दुसरा नाही, त्यालाही शेजाऱ्याच्या कानाची मर्यादा घातली गेली. मग यंत्राच्या, फोनच्या, गाडीच्या आवाजाची काय कथा? ध्यानमग्न बसलेल्यांच्या वाचनालयात, आजाऱ्याच्या उशाशी, नमाज चाललेल्या खोलीत आपला संगणक वाजू न देणे ही अदब आहे, आणि तिला फतव्याची गरज नाही.

इथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. यापुढची गोष्ट मात्र जरा अवघड आहे.

विंडोज एक्सपीच्या काळात, म्हणजे २००१ नंतरच्या काही वर्षांत, सुरू होण्याचा आवाज बदलणे फार सोपे होते. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन आपल्या पसंतीची छोटीशी ध्वनिफीत निवडली की झाले. पेठच्या एका संगणक वर्गात मुलांनी हा उद्योग केलेला आम्ही पाहिला आहे. एकाने तारप्याचा तुकडा लावला. एकाने आरतीची सुरुवात. एका मुसलमान मुलाने 'अस्सलामु अलैकुम' लावले. ज्या यंत्रावर जो बसे, तिथे त्याचा आवाज. काही दिवस मजा चालली, मग सरांनी फर्मान काढले की हे गावठी प्रकार बंद, सगळ्यांनी मूळचा आवाज लावायचा. मुलांनी लावला. त्यानंतर प्रत्येक तासाला दहा यंत्रे तोच कंपनीचा सूर काढत राहिली, आणि त्याला कुणी आवाज म्हणाले नाही.

सरांचा हेतू वाईट नव्हता. वर्गात शिस्त हवीच. पण झाले काय ते पाहण्यासारखे आहे. आवाज तर बंद झालाच नाही. तीन-चार जणांचे आवाज गेले आणि त्यांच्या जागी एकच आला. तारपा म्हणजे आवाज, आरती म्हणजे आवाज, सलाम म्हणजे आवाज. दूर अमेरिकेतल्या कंपनीने बसवलेला सूर मात्र 'मूळचा', म्हणजे जणू शांतताच. ज्याची सवय झाली आहे ते ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते निरुपद्रवी वाटते. समाजातही असेच घडते. बहुसंख्यांच्या सवयीचे आवाज वातावरणाचा भाग होऊन जातात, थोड्यांचा आवाज तेवढा 'आवाज' म्हणून मोजला जातो. पेठमध्ये हे आम्हाला जितके लागू, तितकेच त्या तारपेवाल्या वारली मुलालाही लागू. आणि एखाद्या मोहल्ल्यात जिथे आम्हीच बहुसंख्य असतो, तिथे आमचे आवाज आम्हाला ऐकू येत नाहीत, हेही तितकेच खरे.

पुढे कंपन्यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. २००६ साली विंडोज व्हिस्टा तयार होत असताना सुरू होण्याचा सूर कुणाला बंदच करता येऊ नये, असा विचार मायक्रोसॉफ्टमध्ये चालला होता. त्यावर गदारोळ झाला आणि बंद करण्याची सोय ठेवावी लागली. पण आपला स्वतःचा सूर लावण्याची जुनी सोपी सोय मात्र गेली. आमचा ऐका किंवा गप्प करा, एवढीच निवड उरली. विंडोज ८ मध्ये २०१२ साली तो सूर मुळातच बंद ठेवून आला, आणि २०२१ साली विंडोज ११ मध्ये पुन्हा वाजू लागला. ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून आपला सूर काढून टाकला आणि २०२० साली तो ठेवायचा की नाही, ही निवड वापरणाऱ्याच्या हाती दिली. बंद करण्याचे स्वातंत्र्य मिळाले, ही चांगलीच गोष्ट. पण गप्प बसण्याचे स्वातंत्र्य आणि आपल्या आवाजात बोलण्याचे स्वातंत्र्य ही दोन वेगळी स्वातंत्र्ये आहेत. पहिले मिळाले म्हणून दुसरे मिळाले, असे समजू नये.

आता त्या सलाम लावणाऱ्या मुलाचा विचार करू. समजा तो पुढे शिकायला नाशिकला, पुण्याला गेला. वसतिगृहाच्या खोलीत त्याने पहिल्याच दिवशी संगणकाचा, फोनचा आवाज बंद केला. ही अदब की भीती? बाहेरून काहीच फरक दिसत नाही. बटण तेच, शांतताही तीच. पण आतून या दोन कृती अगदी वेगळ्या आहेत. सोबतचा मुलगा अभ्यास करतो आहे, त्याला त्रास नको म्हणून बंद केला असेल, तर त्या मुलाने दुसऱ्याला काहीतरी दिले. आपल्या मर्जीने दिले. आपण कोण आहोत हे कळू नये, उगाच नजरा वळू नयेत म्हणून बंद केला असेल, तर त्याच्याकडून काहीतरी काढून घेतले गेले. पहिल्या शांततेत मन मोठे होते, दुसरीत ते आक्रसते. इस्लाममध्ये कर्माचे मोल नियतीवर ठरते. इथे ते अक्षरशः खरे ठरते.

फरक ओळखायचा कसा? आम्हाला एक साधी कसोटी सुचते. त्या जागी सलामाऐवजी कंपनीचा सूर असता, तर तोही त्याने बंद केला असता का? उत्तर 'हो' असेल तर ती अदब. सलाम बंद आणि कंपनीचा सूर चालू, असे असेल तर ती भीती. आणि तसे असेल तर दोष त्या मुलाचा नाही, भोवतालचा आहे. अशा मुलाला 'घाबरतोस काय' म्हणून डिवचणारे आपल्यात पुष्कळ असतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे की धैर्य उपदेशाने येत नाही; सोबत कुणी उभे राहिले की येते.

याच कसोटीवर मोठा प्रश्नही तपासता येतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंगा हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नसल्याचे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये तेच पुन्हा सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने गणेशोत्सवात घातक असलेला आवाज ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीतही घातकच असतो, असे म्हटले. २०२५ साली मुंबईत भोंग्यांवर कारवाई झाल्यावर माहीमच्या जुम्मा मशिदीसह काही मशिदींनी तमिळनाडूत तयार झालेल्या 'ऑनलाइन अजान' या ॲपचा आधार घेतला. ज्याला अजान ऐकायची आहे त्याच्या फोनवर ती वाजते. आमच्या मते यात वाईट वाटून घेण्यासारखे फारसे नाही. नमाजसाठी लोकांना बोलवायचे कसे, असा प्रश्न मदिनेत पडला तेव्हा शिंग आणि घंटा असे पर्याय समोर आलेच होते. पण निवडला गेला तो माणसाचा गळा, आणि तो हजरत बिलाल यांचा. वीज, भोंगा आणि ॲप हे सगळे फार नंतरचे. हाक ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचली आणि शेजारच्या आजाऱ्याची झोपही मोडली नाही, तर हाकेचे काहीच बिघडले नाही. ज्या म्हातारीकडे स्मार्टफोन नाही, तिच्यापर्यंत ती कशी पोहोचवायची, हा प्रश्न उरतो, आणि तो मोहल्ल्यातल्या तरुणांनी सोडवायचा आहे.

मात्र कसोटी इथेही तीच. नियम सगळ्या भोंग्यांना, सगळ्या डीजेंना एकाच मापाने लागत असेल, तर आवाज उतरवणे ही नागरिकाची अदब आहे. मोजण्याचे यंत्र एकाच दारात उभे राहत असेल, तर ते विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो सनदशीर मार्गाने बजावलाच पाहिजे. पण 'तो मोठ्याने वाजवतो म्हणून मीही वाजवणार' हे उत्तर कधीच बरोबर नाही. त्यात शेजाऱ्याच्या दोन्ही कानांवर अन्याय होतो आणि आपल्या तक्रारीतले बळही जाते.

मग त्या छोट्या सुराचे काय करावे? एकट्याच्या खोलीत ज्याला जो आवडेल तो त्याने ठेवावा. सलाम असो, तारपा असो, नाहीतर निव्वळ शांतता असो. सामाईक खोलीत आधी विचारावे. कुणाला त्या आवाजाची गरज असेल, मग तो ओट्यावरचा शेतकरी असो की अंध विद्यार्थी, तर आपला कंटाळा गिळून तो राहू द्यावा. कुणाला त्रास होत असेल तर आपली आवड बाजूला ठेवावी. आणि सगळ्यांचे आवाज बंद करायचे ठरले, तर सगळ्यांचेच बंद करावेत, त्यात कंपनीचाही आला. विचारण्याला वेळ लागतो, बटण दाबायला लागत नाही. म्हणून आपण बटण दाबून मोकळे होतो. पण शेजार हा विचारण्यातूनच तयार होतो. पेठच्या त्या वर्गात सरांनी फर्मान काढण्याऐवजी मुलांना एकमेकांचे आवाज दोन मिनिटे ऐकायला लावले असते, तारपा म्हणजे काय, सलामाचा अर्थ काय, एवढे विचारू दिले असते, तर त्या तासाला संगणकाबरोबर आणखीही काही शिकून मुले घरी गेली असती.